ट्रायलमधला पेशंट आणि आपल्या गावातला पेशंट

"या गोळीने किडनीचा धोका ३९ टक्क्यांनी कमी" अशी काहीतरी बातमी आली की दुसऱ्या दिवशी कोणीतरी तिचा फोटो मोबाईलवर दाखवत दुकानात येतंच. माझं मेडिकल आहे, तळकोकणात, एसटी स्टँडच्या बाजूला, त्यामुळे सकाळच्या गाडीने आलेली माणसं डॉक्टरांकडे जायच्या आधी नि नंतर माझ्याकडे डोकावतात. प्रश्न ठरलेला, "आमच्या बाबांना चालेल काय ही?" गोळी द्यायची का नाही ते डॉक्टर ठरवणार, त्यात मी पडत नाही. पण त्या प्रश्नाच्या पोटात अजून एक प्रश्न आहे नि तो सहसा कोणी विचारत नाही, की ज्यांच्यावर ती गोळी तपासली ती माणसं बाबांसारखी होती का?

आधी ती ३९ टक्क्यांची भानगड बघू, कारण बातमी खोटी नाहीये. डापा-सीकेडी नावाची ट्रायल होती, २०२० मध्ये छापून आली, डापाग्लिफ्लोझिन ही मूळची डायबेटिसची गोळी किडनीला उपयोगी पडते का हे बघायला. २१ देशांतले ४,३०४ पेशंट, त्यात भारतातलेही होते. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण आत औषध नसलेली, आणि कोणाला कुठली ते कॉम्प्युटरने चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. साधारण २.४ वर्षांनी हिशोब केला तर औषध नसलेल्या गटात शंभरातल्या १४.५ जणांचं काहीतरी गंभीर झालेलं, म्हणजे किडनीचं काम निम्म्याने किंवा त्याहून जास्त घसरलं, किंवा किडनी पार निकामी झाली, किंवा किडनी नाहीतर हार्टच्या कारणाने माणूस गेला. औषधवाल्या गटात हाच आकडा ९.२. म्हणजे अडीच वर्षांत शंभरातली पाच माणसं वाचली, मूळच्या १४.५ शी ताडून बघितलं तर हा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, आणि कोणाला कधी झालं तो काळ हिशोबात धरला की तेच ३९ टक्के होतात. दोन्ही आकडे खरेच, पण पेपरवाला मोठा असेल तोच छापणार ना.

आता या ४,३०४ मध्ये शिरायचं तर काय लागत होतं? ईजीएफआर २५ ते ७५ च्या मधे हवा. ईजीएफआर म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त गाळते त्याचा अंदाज, तरुण धडधाकट माणसाचा नव्वदच्या वर असतो. शिवाय लघवीतून प्रोटीन बऱ्यापैकी जात असायला हवं, त्याची टेस्ट असते एसीआर, ती २०० ते ५,००० च्या दरम्यान. टाइप १ डायबेटिस असेल तर नाही, किडनीत गाठी होण्याचा घराण्यातून येणारा पॉलिसिस्टिक आजार असेल तर नाही, ल्युपसमुळे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजाराने, किडनी बिघडली असेल तर नाही. यात काही कटकारस्थान नाही. काहींना वगळतात ते त्यांना अपाय होऊ नये म्हणून, आणि ज्यांची तब्येत लवकर बिघडण्याची शक्यता जास्त त्यांना मुद्दाम घेतात, कारण कोणाचंच काही बिघडलं नाही तर गोळीने फरक पडला का ते कळायला वीस वर्षं थांबावं लागेल.

ही झाली कागदावरची चाळणी, पण खरी चाळणी त्याच्या आधीच लागून गेलेली असते. आधी माणसाला किडनीचा आजार आहे हे कळायला हवं, आणि हा आजार तर असा की निम्मी किडनी गेली तरी माणूस म्हणतो, "माका तर काय त्रास नाय." मग त्याला कोणीतरी किडनीच्या स्पेशालिस्टकडे पाठवायला हवं, तो स्पेशालिस्ट ट्रायल चालणाऱ्या हॉस्पिटलात असायला हवा, पेशंटने फॉर्म वाचून सही करायला हवी, आणि मग वर्षानुवर्षं ठरलेल्या तारखेला जायला हवं. सिंधुदुर्गातला माणूस मोठ्या उपचाराला जातो कुठे, तर गोव्यात बांबोळीला, कोल्हापूरला, नाहीतर पोरगा मुंबईत असेल तर त्याच्याकडे. जुलैत लावणी चालू असताना ट्रायलच्या व्हिजिटसाठी घाट चढून कोण जाणार हो? जो जाऊ शकतो त्याच्याकडे पैसा, वेळ नि सोबत यातलं काहीतरी असतंच, आणि तेवढ्यानेच त्याची तब्येत बाकीच्यांपेक्षा थोडी बरी असते.

हा परिणाम किती मोठा असू शकतो ते ब्रिटनमधल्या यूके बायोबँकवरून दिसतं. २००६ ते २०१० मध्ये त्यांनी ४० ते ६९ वयाची पाच लाख माणसं गोळा केली, औषध वगैरे काही नाही, नुसती तपासणी नि पुढे काय होतं ते बघत राहायचं. पत्रं पाठवलेली नव्वद लाखांवर लोकांना, आले साडेपाच टक्के. पुढे बघितलं तर सत्तरी ओलांडलेल्या सहभागींमधे मरणाचं प्रमाण त्याच वयाच्या सर्वसाधारण ब्रिटिश माणसांपेक्षा जवळपास निम्मं! पाच लाख म्हणजे आकडा केवढा, पण आकडा मोठा म्हणजे सगळ्या प्रकारची माणसं आली असं होत नाही, आणि "किती जणांना किडनीचा आजार आहे" हे त्यावरून मोजायला गेलात तर उत्तर कमीच येणार.

मग असले अभ्यास फेकून द्यायचे का? तर अजिबात नाही, आणि इथेच लोकांचा गोंधळ होतो. वाशी मार्केटला गेलेल्या पेट्या उघडून कोणी म्हणालं की यंदा बागेत डागी आंबा नव्हताच, तर बागायतदार हसेल, कारण डागी, बारीक, थ्रिप्सने खडबडीत झालेला सगळा कॅनिंगला गेला, पेटीत शिरलाच नाही. पण त्याच पेटीच्या आंब्यातले निम्मे चिठ्ठ्या टाकून एका पद्धतीने आढीत घातले नि निम्मे दुसऱ्या, आणि पहिले कमी कुजले, तर तो निकाल पक्का, निदान पेटीच्या आंब्यापुरता तरी. कॅनिंगच्या आंब्याला तो लागू पडेल का हे वेगळं विचारावं लागतं, आणि उत्तर दरवेळी "नाही" असंच असतं असंही नाही, कुजण्याचं कारण दोन्हीकडे एकच असेल तर पडेल की लागू. म्हणजे "किती" मोजायचं असेल तर माणसं सगळ्या थरांतली हवीतच, तिथे तडजोड नाही. "यापेक्षा ते बरं का" एवढंच बघायचं असेल तर चिठ्ठ्या प्रामाणिकपणे टाकल्या की बरंचसं काम भागतं, फक्त मग दाराबाहेर कोण राहिलं आणि ज्या कारणाने राहिलं त्या कारणाने औषधाचा परिणाम बदलतो का, हे बघायचं.

कधीकधी बदलत नाही. याच जातीच्या गोळ्यांच्या १३ मोठ्या ट्रायल एकत्र करून २०२२ मध्ये हिशोब केला होता, मिळून नव्वद हजार माणसं, आणि किडनीचा आजार वाढण्याचा धोका ३७ टक्क्यांनी कमी, डायबेटिस असो वा नसो जवळपास तेवढाच. पण टक्का सारखा असला तरी पदरात पडणारा फायदा सारखा नसतो. ज्याचा मुळातला धोका शंभरात १५, त्याला तिसरा हिस्सा कमी म्हणजे पाचांचा फायदा. ज्याचा धोका शंभरात ३, त्याला तिसरा हिस्सा म्हणजे एकाचा. खर्च मात्र दोघांना सारखाच. आणि त्रास? या गोळ्या लघवीवाटे साखर नि थोडं जादा पाणी बाहेर काढतात, म्हणून जुलाब-उलट्या लागल्या किंवा उपास कडक असेल तर डॉक्टर त्या काही दिवस थांबवायला सांगतात. एसीत बसणाऱ्याला ते लक्षात ठेवणं सोपं आहे, एप्रिल-मेच्या उन्हात बागेत दिवसभर घाम गाळणाऱ्याला जास्त सांभाळावं लागेल.

कधीकधी मात्र चांगलाच बदलतो, नि त्याची दोन उदाहरणं मी गिऱ्हाईकाला नेहमी सांगतो. पहिलं कॅनडातल्या ओंटारिओचं. स्पायरोनोलॅक्टोन नावाची जुनी स्वस्त गोळी आहे, १९९९ मध्ये रेल्स नावाच्या ट्रायलमध्ये दिसलं की हार्ट फेल्युअरच्या पेशंटना ती दिली तर मृत्यू ३० टक्क्यांनी कमी होतात. १,६६३ पेशंट, सरासरी वय ६५, क्रिएटिनिन (किडनीने गाळायचा रक्तातला कचरा, किडनी थकली की वाढतो) २.५ च्या वर असलेले नि पोटॅशियम आधीच वाढलेले मुद्दाम बाहेर ठेवलेले, कारण ही गोळी पोटॅशियम वाढवते आणि किडनी कमजोर असेल तर ते बाहेर जात नाही, वाढलं की हार्ट बंद पडू शकतं. ट्रायल छापून आली नि डॉक्टरांनी धडाधड लिहायला घेतली. ओंटारिओत हजार म्हाताऱ्या हार्ट फेल्युअर पेशंटमागे ३४ जणांना चालू होती ती २००१ पर्यंत १४९ जणांना, आणि पोटॅशियम वाढून ॲडमिट होणारे हजारी २.४ वरून ११ वर गेले, काही दगावले. ट्रायल चुकीची नव्हतीच. पण बाहेरची माणसं जास्त वयाची, त्यांच्या किडन्या जास्त थकलेल्या, आणि ट्रायलमध्ये होत होती तशी रक्ततपासणी त्यांची कोणी दर थोड्या दिवसांनी करत नव्हतं. आपल्याकडे त्यात शहाळ्याची भर घाला. कोणी आजारी पडलं की बघायला येणारा प्रत्येक जण शहाळी घेऊन येतो, प्रेमानेच आणतो, आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. किडनीच्या पेशंटच्या घरी मी सांगून सांगून थकलो.

दुसरं डायलिसिसवाल्यांचं. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या हार्ट अटॅक टाळतात हे हजारो लोकांवर सिद्ध झालेलं, आणि डायलिसिसवर असलेला माणूस बऱ्याचदा हार्टनेच जातो, मग त्याला तर द्यायलाच हवी, असं कोणालाही वाटेल. जर्मनीत फोर-डी नावाची ट्रायल झाली, डायबेटिस असलेले १,२५५ डायलिसिसचे पेशंट, २००५ मध्ये निकाल आला. कोलेस्टेरॉल छान उतरलं, हार्टच्या दुखण्यात म्हणावा तसा फरक नाही. २००९ मध्ये अरोरा नावाच्या ट्रायलमध्ये २,७७६ जणांवर दुसरी गोळी वापरून बघितली, परत तेच. डायलिसिसवर हार्ट बिघडायची तऱ्हाच बरीचशी वेगळी असते, रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचतं, ठोके बिघडतात, नुसत्या चरबीचा तो खेळ राहत नाही. आणि हे इतक्या उशिरा का कळलं? तर हार्टच्या ट्रायलवाले किडनीच्या पेशंटना दारातूनच परत पाठवायचे. २००६ मध्ये कोणीतरी हार्टच्या १५३ ट्रायल तपासल्या, त्यातल्या ८६ ट्रायलनी किडनीचा आजार असलेल्यांना वगळलेलं होतं.

बायकांचं काय? क्रेडेन्स, डापा-सीकेडी, एम्पा-किडनी, या विषयातल्या तीन गाजलेल्या ट्रायल, आणि तिन्हीत बायका तीनात एक. जगभरात किडनीचा जुना आजार बायकांत उलट थोडा जास्तच आढळतो. भारतात मोठ्या हॉस्पिटलांतून चार हजारांवर किडनी पेशंट गोळा करून एक अभ्यास चालू आहे, त्यातही दोन तृतीयांश पुरुषच. (किडनी दान करायची वेळ आली की मात्र बायकोचा नाहीतर आईचा नंबर पहिला, असो.) याच अभ्यासात पेशंटचं सरासरी वय पन्नाशीचं, नि परदेशी मोठ्या ट्रायलमध्ये साठीच्या पुढचं, म्हणजे आपल्याकडचा पेशंट दहा-बारा वर्षं आधीच आजारी पडतोय, घर चालवायच्या वयात.

एक रिपोर्ट जरा जवळून बघा, म्हणजे बायका कुठे गळतात ते कळेल. ६८ वर्षांची बारीक चणीची काकी, क्रिएटिनिन १.३. रिपोर्टवर नॉर्मल ०.६ ते १.२ छापलंय, काकी म्हणते एका पॉइंटचं काय ते. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, आणि काकीच्या अंगात स्नायू आहेत कुठे? २०२१ च्या फॉर्म्युल्यात टाकलं तर तिचा ईजीएफआर येतो ४५, आणि तेच १.३ तीस वर्षांच्या जवान गड्याचं असेल तर ७६. एकच आकडा, एक माणूस किडनीच्या आजाराच्या तिसऱ्या स्टेजच्या मधोमध नि दुसरा जवळपास ठीक! ईजीएफआर न छापता नुसतं क्रिएटिनिन देणाऱ्या लॅब अजून आहेत, तिथून काकीचा आजार कोणाच्या नजरेलाच येत नाही, ट्रायल तर लांबच राहिली. वर तो फॉर्म्युला तरी कोणाच्या अंगावर बेतलाय? त्याचा एक पूर्वज १९९९ चा, अमेरिकेतल्या १,६२८ किडनी पेशंटवरून काढलेला, सत्तरीच्या पुढचे नि इन्सुलिन घेणारे त्यात नव्हतेच. त्यात काळ्या माणसांसाठी उत्तराला १.१८ ने गुणायचं असा नियम होता, तसाच गुणाकार पुढच्या फॉर्म्युल्यातही राहिला आणि २०२१ मध्ये काढून टाकला. आपल्याकडे कमी स्नायूंच्या, शाकाहारी किंवा अर्धपोटी माणसाला हे फॉर्म्युले खऱ्यापेक्षा चांगला आकडा देतात, म्हणजे ४५ आलेली काकी प्रत्यक्षात चाळीसच्या खाली असू शकते.

आता आपल्या पट्ट्यातलं. गोव्यात काणकोणला आणि तिकडे आंध्रात उद्दानमला असा किडनीचा आजार आढळतो ज्यात डायबेटिस नाही, फारसं ब्लडप्रेशर नाही, लघवीत प्रोटीनही जेमतेम, नि तरी शेतात राबणाऱ्या माणसांच्या किडन्या हळूहळू आटत जातात. कारणावर अजून वाद आहे, उष्णता, पाणी, फवारणीची औषधं, सगळ्यावर बोट ठेवून झालंय. त्या चार हजारांच्या भारतीय अभ्यासातही साधारण पाचातल्या एकाच्या आजाराचं कारण सापडलेलं नव्हतं. या माणसाला डापा-सीकेडीत जागा नाही, एसीआर २०० पर्यंत पोचतच नाही ना. एम्पा-किडनीने, २०२२ चा निकाल, ६,६०९ पेशंट, दार जरा मोठं उघडलं, ईजीएफआर २० ते ४५ असेल तर प्रोटीन असो नसो या म्हणाले. एकूण निकाल चांगला आला, ज्यांचं काहीतरी गंभीर झालं ते शंभरात १६.९ चे १३.१ झाले. पण ज्यांच्या लघवीत प्रोटीन नव्हतंच त्यांच्यापैकी त्या दोनेक वर्षांत फारसं कोणाचं काही बिघडलं नाही, म्हणून मुख्य हिशोबात त्यांचा फायदा उठून दिसला नाही, किडनी घसरायचा वेग तेवढा मंदावलेला दिसला. आणि ती ट्रायल झाली आठ देशांत, त्यात भारत नव्हता. मग काणकोणच्या माडापोफळीत काम करणाऱ्याला गोळी लागू पडेल का? पडण्यासारखी कारणं आहेत, पण त्याच्यासारख्या माणसावर बघितलेलं नाही, आणि डॉक्टरने हे दोन्ही त्याला सांगावं असं माझं मत.

पावसाळ्यात लेप्टोने किंवा घोणस चावून ज्यांची किडनी अचानक बसते त्यांचा तर या ट्रायलशी संबंधच नाही, तीन महिने आजार टिकल्याशिवाय जुना आजार म्हणतच नाहीत. ते बरे होऊन घरी गेले की पुढे त्यांच्या किडनीचं काय झालं हे बघायला बहुतेक वेळा कोणी परत बोलावतही नाही.

कोकणातल्या पेशंटवर संशोधन होत नाही, इथे जमणारच नाही, असं कोणी म्हणालं तर मी महाडचं नाव घेतो. विंचूदंशावर डॉ. हिंमतराव बावसकरांनी काम केलं ते महाडातच, दंश झालेली आसपासच्या खेड्यांतली माणसं त्यांच्याकडे यायची त्यांच्यावरच. २०११ मध्ये बीएमजे या ब्रिटिश जर्नलमध्ये त्यांची ट्रायल आली, ७० पेशंट, प्राझोसिन गोळी एकटी बरी की सोबत विंचवाची लसही द्यावी हे बघायला, आणि त्यात चिठ्ठ्यांची वाटणीही होती. सत्तरच, पण ज्यांना ते औषध लागणार नेमकी तीच माणसं. आजार वेगळा, मान्य, किडनीला वर्षानुवर्षं मागे राहावं लागतं, पण पेशंट जिथे आहे तिथे जाऊन ट्रायल करता येते एवढं तर दिसलं.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर कुठल्याही ट्रायलच्या पेपरातला पहिला तक्ता उघडा. वय, बायका किती, डायबेटिस किती, ईजीएफआर, एसीआर, सगळं त्यात असतं, इंग्रजी जेमतेम असलं तरी आकडे वाचता येतात. त्याच्या जवळच एक बाणांची आकृती असते, तपासले किती नि घेतले किती, मला तर निकालापेक्षा तीच जास्त बोलकी वाटते. भारतात चालणाऱ्या ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदणीत असतात, २००७ पासून आहे, २००९ पासून नोंद सक्तीची, आणि कोणाला घेणार, कोणाला नाही, कुठल्या गावातल्या कुठल्या हॉस्पिटलात, हे तिथे कोणालाही फुकट बघता येतं. कोणी तुमच्या माणसाला ट्रायलमध्ये बोलावलंच तर घाबरून पळू नका, २०१९ च्या नियमांप्रमाणे समजेल अशा भाषेत माहिती द्यावी लागते, ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार नि भरपाई द्यावी लागते, आणि कधीही सोडता येतं.

आणि बाबांचा एसीआर केलेला आहे का ते आधी विचारा. दहातल्या सात-आठ फायलींत तो नसतो असा माझा दुकानातला अंदाज, आणि तो नसेल तर बाबा कुठल्या ट्रायलमधल्या माणसासारखे आहेत हे डॉक्टरलाही सांगता यायचं नाही. लघवीचीच टेस्ट आहे, उपाशी राहावं लागत नाही, सकाळची पहिली लघवी दिली तर उत्तम, नि लॅब तालुक्याला असेल तर रिपोर्ट मोबाईलवर मागवा, उगाच परत खेप नको.